परतीची तारीख

मुख्यमंत्रीणबाईंचा नवरा आमच्या वाचनालयात येणार
असं कळलं तेव्हा मी आधी बादल्या लपवल्या.
छत तीन ठिकाणी गळतं:
चरित्रांवर, पाककृतींवर आणि माझ्या खुर्चीमागे.
मग वाटलं, कशाला?
परत होत्या तिथे मांडल्या.

गॅनेट कोव्ह म्हणजे न्यूफाउंडलंडच्या कडेची एकसष्ट घरं,
त्यातल्या बावीस घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या.
कॉड संपला तशी माणसं गेली पश्चिमेला, तेल उपसायला.
उरले म्हातारे, त्यांची कुत्री
आणि शाळेच्या बसमध्ये ऐसपैस बसणारी नऊ पोरं.

तो आला. गार्लंड स्नूक.
कोट भारी, पण हात जुनेच,
जाळ्याच्या दोरांनी कापलेले.
सोबतच्या सेक्रेटरीनं छापील भाषण पुढे केलं.
त्यानं ते घेतलं, घडी घातली, खिशात टाकलं.

"चौतीस वर्षांचा होईस्तोवर," तो म्हणाला,
"मी सांगायचो, चष्मा घरी राहिला.
बँकेत, दवाखान्यात, पोराच्या शाळेत.
डोळे घारीसारखे होते माझे. चष्मा नव्हताच."

मागच्या बाकावर बेसिल पार्डी बुटांकडे बघायला लागला.
वीस वर्षं तो माझ्याकडून वर्तमानपत्र नेतोय,
मथळे मात्र मलाच विचारतो,
चष्मा नेमका घरी असतो.
मला कळायला हवं होतं.
वाचनालय चालवते मी.

"व्हर्नानं शिकवलं. तेव्हा ती कुणी नव्हती,
म्हणजे मासळीच्या कारखान्यात होती, माझ्याचसारखी.
धक्क्यावर गारठ्यात उभं करायची,
बोटींकडे बोट दाखवायची, म्हणायची,
वाच, नाहीतर जेवण नाही.
पहिलं नाव वाचलं ते माझ्याच बोटीचं.
दहा वर्षं तिच्यात बसून समुद्रावर जात होतो
आणि रंगाऱ्यानं एक अक्षर खाल्लंय
हे मला त्या दिवशी कळलं."

सगळे हसले. तो नाही हसला.

"मागच्या गुरुवारी आमच्या जेवायच्या टेबलावर एक यादी होती.
माझ्यापासून ती कागद लपवत नाही.
पूर्वी गरज नव्हती, आता सवय नाही.
शिकवलं होतं तसं ओळीखाली बोट ठेवलं
आणि मोठ्यानं वाचली, तिला ऐकू जाईल अशी.
कॅप्लिन बाईट. लोअर टिकल. विडोज आर्म.
सव्विसावं नाव तुमचं.
ती भांडी घासत होती.
नळ बंद केला नाही तिनं."

सेक्रेटरी फोन कानाला लावून दाराबाहेर गेला.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
पाककृतींजवळ बादलीत थेंब पडला,
मग बऱ्याच वेळानं दुसरा.
कुणीतरी विचारलंच, मग बाई काय म्हणाल्या?
"म्हणाली, तुझं वाचन सुधारलंय."

जाताना त्यानं कार्ड मागितलं.
रकाने स्वतः भरले, जीभ दातांत धरून.
व्यवसायापुढे लिहिलं 'नवरा', खोडलं,
लिहिलं 'मच्छीमार'.
पुस्तक निवडलं दोरांच्या गाठींचं,
जे त्याला झोपेतही येत असणार.

मी शिक्का उचलला आणि थबकले.
आज एकोणीस मार्च. एकतीसला कुलूप लागायचं.
तीन आठवडे मोजले की येते नऊ एप्रिल.
"मारा," तो म्हणाला. "नऊला मी परत करायला येतो.
दार कुणाला तरी उघडावं लागेल."
मी मारला.
शाई जरा जास्तच लागली.

गाडी गेली. बंदरातल्या बर्फावर धुकं उतरलं.
हे शब्द टिकतील की ती यादी, मला ठाऊक नाही.
भाषणांनी छत गळायचं थांबत नाही.

बेसिल रेंगाळला. खुर्च्या लावल्या, ज्या मी लावल्याच होत्या.
"कुठलं अक्षर खाल्लं होतं,
विचारायला हवं होतं," म्हणाला.
मग वर्तमानपत्र टेबलावर पसरलं.
"आज चष्मा," एवढंच बोलला,
पुढचं वाक्य आलं नाही.

सहा वाजून गेले होते.
मी दिवा तसाच ठेवला
आणि खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.